इम्युनिटी वाढवायची का कमी करायची?

कराडच्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात म्हणून गाळलंय. त्या लिहितात:

"मिस्टर ४७ वर्षांचे, साखर कारखान्यात नोकरीला. शुगर सहा वर्षांपासून आहे. सोनोग्राफीत तीन वर्षं फॅटी लिव्हर येत होतं पण आम्ही लक्ष दिलं नाही. आता डॉक्टर म्हणतात लिव्हरला सूज आहे आणि वण पडायला लागलेत. कशामुळे विचारलं तर म्हणाले, शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरला त्रास देतेय. मी गोंधळूनच गेले, कारण सासूबाई कोरोनापासून रोज सकाळी त्यांना गूळ घालून गुळवेलीचा काढा देतात, इम्युनिटी वाढावी म्हणून. दीर ऑनलाइन हळदीच्या कॅप्सूल मागवून देतात. मग इम्युनिटी वाढवायची का कमी करायची? माझ्या मैत्रिणीला लिव्हरसाठी इम्युनिटी दाबायची गोळी चालू आहे, तशी यांना का नाही दिली? आणि काढा बंद करा असं सासूबाईंना कोणत्या तोंडाने सांगू? रिपोर्टचे फोटो पाठवतेय."

ताई, आधी कामाचं सांगते, म्हणजे उद्या सकाळी काढा गॅसवर चढायच्या आत तुमच्या हातात असेल. काढा बंद करा आणि हळदीच्या कॅप्सूलही बंद करा, दोन्ही आजपासून, आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा दोन्ही वस्तू पिशवीत घालून डॉक्टरांना नेऊन दाखवा, कारण तुमच्या पत्रावरून मला वाटतंय की त्यांना हे अजून कोणी सांगितलेलंच नाही. शुगरची, बीपीची, कोलेस्टेरॉलची गोळी मात्र स्वतःच्या मनाने एकही बंद करायची नाही. लिव्हर बिघडलंय म्हणून सगळ्या गोळ्या सोडून देणारी माणसं मी बघितलीत आणि त्यात त्यांचं फार नुकसान झालंय, स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्या तर फॅटी लिव्हरवाल्यांना चालतात आणि हार्टसाठी त्यांना त्या लागतातच.

आता तुमचा प्रश्न. तुम्हाला तो साधा वाटला असेल पण याच प्रश्नावर मोठमोठ्या औषध कंपन्यांची आणि संशोधकांची पंधरा-वीस वर्षं गेलीत, त्यामुळे जरा निवांत सांगते.

मी पॅथॉलॉजिस्ट. पेशंट माझ्यासमोर येत नाही, त्याच्या लिव्हरचा सुतासारखा बारीक तुकडा येतो, दीड-दोन सेंटिमीटरचा, कापून रंगवून काचेवर लावलेला. निरोगी लिव्हर मायक्रोस्कोपखाली फार देखणं दिसतं, गुलाबी पेशींच्या ओळी आणि मधून रक्ताच्या बारीक वाटा. फॅटी लिव्हरमध्ये त्याच पेशींत पांढरे गोल थेंब साठलेले दिसतात, सगळं जाळीदार घावनासारखं होतं. एवढंच असेल तर बऱ्याच लोकांचं लिव्हर वर्षानुवर्षं तसंच राहतं, फार बिघडत नाही. माझा हात थांबतो तो पुढचं चित्र दिसलं की. काही पेशी फुग्यासारख्या टम्म फुगलेल्या असतात, त्यांच्याभोवती गडद निळ्या-जांभळ्या ठिपक्यांसारख्या पांढऱ्या पेशी गोळा झालेल्या असतात, आणि वण दाखवणारा वेगळा रंग दिला की त्या फुगलेल्या पेशींना वेढणारे निळे धागे दिसतात, मासे पकडायच्या जाळ्यासारखे. तुमच्या डॉक्टरांनी जी सूज म्हटली ती हे ठिपके आणि जो वण म्हटला तो हे निळे धागे.

हे ठिपके तिथे येतात का? आतड्यातून निघणारं सगळं रक्त हृदयाकडे जायच्या आधी लिव्हरमधून जातं. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तातलं जवळपास तीन चतुर्थांश रक्त या एकाच मोठ्या शिरेतून येतं. त्यात जेवणातली साखर असते, बाकीचं पोषण असतं आणि आतड्यातल्या जंतूंच्या कवचाचे बारीक तुकडेही थोडेफार असतात, तुमच्या माझ्या सगळ्यांच्याच. ते टिपून घ्यायला लिव्हरच्या रक्तवाटांवर कुप्फर सेल नावाच्या पेशी ठाण मांडून बसलेल्या असतात. शरीरातल्या अशा एका जागी बसून राहणाऱ्या भक्षक पेशींपैकी ८० टक्क्यांच्या आसपास एकट्या लिव्हरमध्ये आहेत, एवढा मोठा बंदोबस्त दुसऱ्या कुठल्याच अवयवात नाही. आणि या पेशींचं खरं कसब गप्प राहण्यात आहे, वेशीवरच्या जाणत्या राखणदारासारखं, रोज येणारा कचरा त्या मुकाट्याने गिळतात आणि उगाच गावभर बोंब ठोकत नाहीत. लिव्हरची इम्युनिटी चांगली असणं म्हणजे मुख्यतः हा समंजसपणा.

तुमच्या मिस्टरांच्या लिव्हरमध्ये हा समंजसपणा सुटलाय. पेशीत चरबी ठासून भरली की ती पेशी आतून थकते, तिचं ऊर्जेचं यंत्र बिघडतं, ती फुगते आणि फुटते आणि फुटताना तिच्या आतला माल बाहेर सांडतो. हा सांडलेला माल राखणदार पेशींना धोक्याची खूण वाटतो. दुसरीकडे खूप साखर, दारू, वाढलेलं वजन यांनी आतड्याचं अस्तर थोडं सैल पडतं आणि जंतूंचे तुकडे नेहमीपेक्षा जास्त यायला लागतात. त्या तुकड्यांना ओळखणारी कुलपासारखी एक रचना पेशीवर असते, टीएलआर-फोर नाव तिचं, ती जंतूंचं कवच ओळखते हे ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं आणि या कामासाठी त्यांना २०११ चं नोबेल मिळालं. आता यात मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे आग भडकवणारं एक मोठं रसायन, इंटरल्यूकिन-वन-बीटा, बाहेर पडायला बँकेच्या लॉकरसारख्या दोन किल्ल्या लागतात. पहिली किल्ली जंतूंच्या तुकड्यांची, तिने ते रसायन पेशीत कच्चं तयार होतं. दुसरी किल्ली फुटलेल्या पेशींच्या मालाची, तिने ते कापून पक्कं होतं आणि बाहेर सुटतं. म्हणजे पोटातला बिघाड आणि लिव्हरमधली चरबी दोन्ही एकत्र आल्या की लॉकर उघडतो, आणि यातली एक किल्ली जरी काढून घेतली तरी फरक पडतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लॉकर उघडला की मग निरोपांची रांगच लागते. टीएनएफ सुटतं, इंटरल्यूकिन-सिक्स सुटतं, हे नाव तुम्ही कोरोनात ऐकलं असेल, आयएल-सिक्सच्या टेस्टसाठी लोक धावत होते तेच हे. एक निरोप रक्तातून हाडांच्या मगजापर्यंत जातो आणि तिथून नव्या, तरण्या, तापट भक्षक पेशी लिव्हरमध्ये येतात, जुन्या समंजस राखणदारांची जागा हळूहळू हे नवे घेतात. आणि एक निरोप, टीजीएफ-बीटा, जातो स्टेलेट सेलकडे. या पेशी एरवी अगदी शांत, शरीरातलं निम्म्याहून जास्त व्हिटॅमिन ए पोटात साठवून कोपऱ्यात बसलेल्या. निरोप मिळाला की त्या व्हिटॅमिन टाकून देतात, रूप बदलतात आणि कोलॅजनचे धागे विणायला लागतात. तेच ते निळे धागे. हाताला विळी लागली तरी हेच होतं, सूज येते, खपली धरते, वण राहतो आणि काम संपतं कारण विळी बाजूला झालेली असते. लिव्हरमध्ये विळी दिवसातून तीनदा लागतेय आणि वर्षानुवर्षं लागतेय, म्हणून खपलीवर खपली चढत जाते आणि एक दिवस सगळं लिव्हर घट्ट गाठाळ होतं, त्याला सिरॉसिस म्हणतात. तुमचे मिस्टर अजून तिथे पोचलेले दिसत नाहीत.

शुगरचंही इथेच सांगते. टीएनएफ जास्त झालं की इन्शुलिन नीट काम करत नाही, लठ्ठ उंदरांच्या चरबीतून हे टीएनएफ सुटतं आणि शुगर बिघडवतं हे १९९३ मध्येच दिसलं होतं. म्हणून शुगरचा डॉक्टर वेगळा आणि लिव्हरचा वेगळा असं करून दोन फायली दोन कपाटात ठेवू नका, एकच फाइल करा, हा एकाच गोष्टीचा पसारा आहे.

मग ही सूज औषधाने दाबून टाकावी असं कुणालाही वाटेल. संशोधकांनाही वाटलं. दारूमुळे होणाऱ्या तीव्र हिपॅटायटिसमध्ये टीएनएफ खूप वाढलेलं असतं, म्हणून टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं देऊन बघितली, सांधेवातात ती छान काम करतात. इथे उलटं झालं. फ्रान्समधला अभ्यास मध्येच थांबवावा लागला कारण इंजेक्शन घेणाऱ्यांत इन्फेक्शन आणि मृत्यू जास्त व्हायला लागले, ते २००४ मध्ये छापून आलं, आणि २००८ मध्ये दुसऱ्या इंजेक्शनचीही तीच गत झाली. फॅटी लिव्हरमध्ये नव्या तापट पेशींना येण्यापासून अडवणारी गोळी आली, सेनिक्रिव्हिरॉक, सुरुवातीला बरी वाटली पण मोठ्या अभ्यासात उपयोग दिसेना म्हणून २०२१ मध्ये थांबवली. सेलॉनसर्टिब नावाची आणखी एक, पेशीतला ताणाचा निरोप अडवणारी, ती २०१९ मध्ये फसली.

कारण काय, तर ज्या निरोपांनी नुकसान होतं त्यांनीच दुरुस्तीही होते. लिव्हर कापलं तरी परत वाढतं हे आपल्याला माहीत आहे, पण इंटरल्यूकिन-सिक्स नसलेल्या उंदरांचं लिव्हर नीट वाढत नाही. आणि २००५ चा एक प्रयोग मला फार आवडतो, त्यात उंदरांच्या लिव्हरला इजा चालू असताना भक्षक पेशी काढून टाकल्या तर वण कमी पडले, पण इजा थांबवून लिव्हर सावरत असताना त्याच पेशी काढल्या तर पडलेले वण विरघळेनात. म्हणजे बांधणारे तेच आणि पाडणारेही तेच, त्यांना वरून काय निरोप येतोय त्यावर सगळं. तेव्हा सरसकट वाढवणं चूक आणि सरसकट दाबणंही चूक.

आणि ज्या औषधांना शेवटी यश आलं ती बघा. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये वणापर्यंत गेलेल्या फॅटी लिव्हरसाठी पहिल्यांदा औषध मंजूर झालं, रेस्मेटिरॉम, ते लिव्हरमधली चरबी जाळायला लावतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला याच आजारासाठी मंजुरी मिळाली, ते भूक आणि वजन कमी करतं. दोघांपैकी कुणीही थेट सुजेवर हात घालत नाही. चुलीवर पाणी ओतणारे हरले आणि चुलीतलं सरपण ओढणारे जिंकले, असं मला यातून दिसतं आणि तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. इम्युनिटीला हात लावू नका, तिला डिवचणारी गोष्ट काढा.

तुमच्या मैत्रिणीचं वेगळं असणार. तिला बहुधा ऑटोइम्यून हिपॅटायटिस असेल, तो बायकांमध्ये जास्त दिसतो. तिथे बाहेरून कोणी डिवचत नसताना इम्युनिटी स्वतःहून लिव्हरच्या पेशींना परकं समजते, त्यामुळे तिथे दाबणं हाच इलाज आहे, प्रेडनिसोलोन आणि बरोबर अझाथायोप्रिन. त्या औषधांनी माणसं वाचतात हे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच सिद्ध झालंय, तेव्हा मैत्रिणीला गोळी अजिबात सोडू नको म्हणावं. पण तीच गोळी तुमच्या मिस्टरांना दिली तर शुगर भडकेल, वजन वाढेल आणि लिव्हरमध्ये आणखी चरबी जाईल.

तरीही तुमच्या डॉक्टरांना एक विचारा. काढा इतकी वर्षं पोटात गेलाय म्हणून एएनए आणि आयजीजी या इम्युनिटी लिव्हरवर उलटलीय का याचा अंदाज देणाऱ्या दोन रक्ताच्या टेस्ट एकदा करून घेता येतील का, आणि हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी झालीय का. पाठवलेल्या फोटोंत मला ती दिसली नाही. बी किंवा सी निघालंच तर घाबरू नका, जुलै २०१८ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

रिपोर्टचं बोलू. एसजीपीटी ८८ आणि एसजीओटी ७१, ही लिव्हरच्या पेशींतली दोन एन्झाइम, दोन्ही वाढलेले, पेशी फुटतायत याची ही खूण. पण वण किती हे या दोन आकड्यांवरून कळत नाही, वण खूप असूनही एसजीपीटी नॉर्मल आलेली माणसं असतात. प्लेटलेट्स १ लाख ६२ हजार. वय, हे दोन एन्झाइम आणि प्लेटलेट्स घालून फिब-फोर नावाचा हिशोब करतात, मी कागदावर केला, तो २.२ च्या आसपास येतो. १.३ च्या खाली असता तर निवांत राहा म्हणाले असते, २.६७ च्या वर असता तर लगेच लिव्हरच्या डॉक्टरकडे पळा म्हणाले असते, तुमचा मध्ये आहे. फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती घट्ट झालंय ते बाहेरूनच मोजणारी तपासणी, त्याचा आकडा १०.४, तोही मधलाच, आठच्या खाली बरा आणि बाराच्या वर काळजीचा. त्यातला दुसरा आकडा ३१८ म्हणजे चरबी भरपूर आहे. थोडक्यात वण पडलेत पण वाट अजून परतीची आहे, आणि एकदा तरी लिव्हरच्या तज्ज्ञांना दाखवायलाच हवं, कराडला किंवा पुण्याला जिथे सोयीचं असेल तिथे. फायब्रोस्कॅनला जाताना तीन तास काही खायचं नाही, खाऊन गेलं की आकडा उगाच वाढून येतो.

कोणी सीआरपी किंवा आयएल-सिक्सचं पॅकेज सुचवलं, सूज मोजतो म्हणून, तर पैसे वाचवा. सीआरपी लिव्हरच बनवतं, ते सर्दी-खोकल्यानेही वाढतं, दात सुजला तरी वाढतं, लिव्हरमध्ये काय चाललंय ते त्यातून समजत नाही.

आता गुळवेल. मला माहितीय इथे बऱ्याच वाचकांना वाईट वाटेल, आपल्याकडे गुळवेलीला फार मान आहे. पण २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईत लिव्हरच्या डॉक्टरांकडे सहा पेशंट असे आले की ज्यांना कावीळ किंवा लिव्हरचा बिघाड होता आणि सगळे गुळवेल घेत होते, ते २०२१ मध्ये छापलं गेलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल असू शकते असं त्यांचं म्हणणं होतं. मग २०२२ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून ४३ पेशंटची माहिती मांडली आणि चित्र तेच होतं, लिव्हरवर इम्युनिटीने केलेला हल्ला, ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखा. मी स्वतः त्या काळात अशी एक काच बघितलीय, एका बाईंची, लिव्हरच्या पेशींच्या कडेने प्लाझ्मा सेलची, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींची गर्दी, मी रिपोर्टमध्ये ऑटोइम्यून लिहायला घेतलं आणि मग फोन करून विचारलं की काही काढा बिढा चालू आहे का, तर रोज सकाळी गुळवेलीचा रस. तो थांबला आणि काही आठवड्यांत एन्झाइम उतरायला लागले. घेणाऱ्या प्रत्येकाला होतं असं मी म्हणत नाही, बहुतेकांना काही होत नसेल. पण इम्युनिटी चेतवणं हेच ज्याचं काम म्हणून आपण ते घेतो ते आधीच चेतलेल्या लिव्हरला कशाला द्यायचं?

हळदीचंही तसंच. भाजीत, आमटीत, दुधात चिमूटभर हळद खुशाल घाला, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. कॅप्सूलमध्ये अर्क असतो, कितीतरी पटींनी जास्त, आणि बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिरीतलं पायपरीन घालतात, अर्क रक्तात जास्त जावा म्हणून. अमेरिकेत २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांनी लिव्हर बिघडलेल्या दहा पेशंटची नोंद छापली गेली आणि त्यातल्या बऱ्याच जणांत एक ठराविक जनुकीय ठेवण सापडली, म्हणजे कुणाला होईल हे वरून बघून सांगता येत नाही.

आता सरपण ओढायचं म्हणजे काय करायचं. वजन ८४ किलो लिहिलंय, उंची साडेपाच फूट. क्युबात २९३ फॅटी लिव्हरवाल्या लोकांना वर्षभर फक्त आहार आणि व्यायामावर ठेवून बायोप्सी करून बघितलं होतं, २०१५ मध्ये ते आलं. ज्यांचं वजन दहा टक्के उतरलं त्यांच्यातल्या ९० टक्क्यांची सूज गेली आणि ४५ टक्क्यांचे वण मागे हटले. वण मागे हटले, हे परत वाचा ताई, कारण आम्हाला शिकताना वण म्हणजे कायमचा असं शिकवलं होतं. पण खरं ते सगळं सांगते, दहा टक्क्यांचा टप्पा दर दहातल्या साधारण एकालाच जमला. म्हणून तुमच्या घरी आधी चार किलोचं बोला, ते उतरले की चरबी कमी व्हायला लागते, मग पुढे आठचं बोलू. सहा महिने ते वर्षभर लागेल, घाई करून महिन्यात दहा किलो उतरवायला जाऊ नका, उपाशी राहून झपाट्याने वजन उतरलं तर लिव्हरला तेही सोसत नाही.

कारखान्याच्या पट्ट्यात राहताय म्हणून गुळाचं सांगायलाच हवं. गूळ नैसर्गिक आहे म्हणून चालतो असं खूप लोक समजतात. गूळ, काकवी, उसाचा रस, साखर, लिव्हरच्या दृष्टीने सगळी एकाच घरची, त्यातली निम्मी साखर फ्रुक्टोज असते आणि फ्रुक्टोज बव्हंशी लिव्हरमध्येच जाऊन तिथे चरबी तयार होते. सीझनमध्ये कारखान्यावर रस फुकट मिळत असेल तर तो आधी बंद. काढ्यातला गूळ काढ्याबरोबर गेलाच. भाकरी चालेल, पण पूर्वी दोन खात असतील तर ज्वारीची आहे म्हणून चार नकोत. रोज पाऊण तास भरभर चालणं, वजन काट्यावर हललं नाही तरी व्यायामाने लिव्हरमधली चरबी कमी होते, त्यामुळे काटा हलत नाही म्हणून सोडून द्यायचं नाही. बिनसाखरेची कॉफी दिवसाला दोन-तीन कप घेणाऱ्यांमध्ये वण कमी आढळतात, चालत असेल आणि झोप मोडत नसेल तर सकाळच्या काढ्याच्या जागी तीच ठेवा. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी टेस्ट, ८.१ आहे, ते उतरायलाच हवं, आणि शुगरच्या काही गोळ्या-इंजेक्शनांनी लिव्हरलाही फायदा होतो, तेव्हा शुगरची औषधं बदलता येतील का हे दोन्ही डॉक्टरांना विचारा.

दारूबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलं नाहीत. घेत नसतील तर उत्तम. कधीतरी कारखान्याच्या पार्टीत घेत असतील तर तीही नको, वण पडलेल्या लिव्हरला थोडी चालते असं मी म्हणणार नाही. हे तुम्ही विचारलं तर उगाच भांडण होईल, डॉक्टरांनाच त्यांना एकट्याला विचारू द्या.

आणि इम्युनिटी वाढवायचीच आहे ना, तर एक प्रकार आहे जो खरोखर चालतो. लस. हिपॅटायटिस बीची लस, तीन डोस. मुलांना ती आता सरकारी लसीकरणात मिळते पण आपल्या वयाच्या लोकांना बहुधा मिळालेलीच नाही. हिपॅटायटिस एची लस, आधी रक्तात अँटिबॉडी आहेत का बघून. दरवर्षी फ्लूची आणि डॉक्टर म्हणतील तशी न्यूमोनियाची. दुखऱ्या लिव्हरवर आणखी एक व्हायरस येऊन पडला तर फार जड जातं, आणि लस पूर्ण इम्युनिटीला चेतवत बसत नाही, एकाच शत्रूचा चेहरा तिला दाखवून ठेवते.

सासूबाईंचं. ताई, त्यांना तुमच्या काढ्यामुळे झालं असं चुकूनही म्हणू नका, एक तर ते खरं नाही, हा आजार चरबीने आणि शुगरने आलाय, काढ्याने भर पडली का तेही आपल्याला ठाऊक नाही. आणि दुसरं, त्या बाई कोरोनापासून रोज पहाटे उठून मुलासाठी वेल ठेचतायत, त्यामागे काय आहे ते तुम्ही मला सांगायला नको. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर घेऊन जा. काढा बंद हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून येऊ दे आणि डॉक्टरांना आधी फोन करून सांगून ठेवा की आई बरोबर येणार आहेत, जरा मायेने सांगा. घरी आल्यावर त्यांच्या हातातलं काम काढून घेतलंत तर त्या दुखावतील, म्हणून दुसरं काम द्या. संध्याकाळी मुलाला घेऊन चालायला जायचं, ते आईला नाही म्हणणार नाहीत, तुम्हाला म्हणतील. दिरांना मात्र तुम्ही सरळ सांगा, कॅप्सूलऐवजी तेच पैसे लसीला द्या म्हणावं.

एक शेवटचं, घाबरवायला सांगत नाहीये पण माहीत असावं. डोळे पिवळे झाले, पोट फुगून घट्ट झालं, डांबरासारखी काळी संडास किंवा उलटीतून रक्त आलं, किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर माझ्या पत्राची वाट बघायची नाही, त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात न्यायचं. अंगदुखीला दुकानातून आणलेल्या पेनकिलरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

काढा आणि कॅप्सूल बंद केल्यावर सहा आठवड्यांनी एसजीपीटी-एसजीओटी परत करा आणि फायब्रोस्कॅन डॉक्टर म्हणतील तेव्हा. आकडे मला नक्की कळवा, वजनाचाही लिहा, आणि प्लेटलेट्स लिहायला विसरू नका.